शिताला कुणी विचारलं?

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी अकराच्या सुमाराला कुणी अनोळखी माणूस काखेत वही घेऊन बोळात शिरला, तर पहिल्या दाराची कडी वाजायच्या आत शेवटच्या दारापर्यंत बातमी पोचलेली असते. यंत्रमागांच्या खडखडाटात माणसं एरवी एकमेकांशी ओरडून बोलतात, पण ही बातमी मात्र कुजबुजतच जाते. येणारा माणूस तिघांपैकी एक असतो : लाइटबिलवाला, वसुलीवाला किंवा सर्वेवाला. पहिल्या दोघांना काय सांगायचं हे बापजाद्यांपासून ठरलेलं आहे : मालक घरात नाहीत. तिसऱ्याचं अजून ठरत नाही, कारण तो काही द्यायला आलाय की न्यायला, याचा पत्ता लागत नाही. घरकुलाची यादी असेल तर माणसं वाढवून सांगायची, रेशनकार्डाची तपासणी असेल तर पगार कमी करून सांगायचा, आणि मुलीसाठी स्थळ बघायला आलेलं कुणी असेल तर दोन्ही उलटं. त्यामुळे सर्वेवाल्याने पहिला प्रश्न विचारायच्या आधी बोळाचा प्रश्न येतो : "कुठनं आलाव? कशासाठी?" आणि या उत्तरावर पुढची सगळी आकडेवारी अवलंबून असते.

पाहणीशास्त्राचा सगळा डोलारा तसा एका मराठी म्हणीवर उभा आहे : शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण बोलणाऱ्या आजीबाईंना नमुना निवड, त्रुटीची मर्यादा वगैरे ठाऊक नव्हतं, पण शीत अगदी वरचं घ्यायचं नाही, मधलं घ्यायचं, एवढं त्या जाणून होत्या. केंद्र सरकारने 2022-23 मध्ये घरखर्चाची पाहणी केली तेव्हा 2,61,746 कुटुंबांना विचारून अख्ख्या देशाच्या पातेल्याचा अंदाज घेतला. शास्त्र म्हणून हे बिनचूक आहे. अडचण एवढीच, की चिमटीत धरलं की भाताचं शीत गप्प बसतं आणि सोलापूरचं बोलतं. ते म्हणतं, "अख्ख्या पातेल्यात मीच दिसलो का बे तुला?" आणि मग शेजारची शितंही बोलायला लागतात.

"कुटुंबात माणसं किती?"

"सात लिवा," समोरच्या ओट्यावरून उत्तर येतं.

"सात कुठली? थोरला वेगळा झाला की."

"वेगळा झाला, पण जेवायला हितंच असतंय."

"रात्री. सकाळी सासरवाडीचा डबा येतोय."

ज्या बाईला प्रश्न विचारलेला असतो ती अजून पदर सारखा करत दाराशी येत असते.

जनगणनेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. नातं असो वा नसो. गिरण्यांच्या काळात एका खोलीत राहून एका खानावळीत जेवणारे दहा कामगार पाहिले असतील, तर ही व्याख्या करणाऱ्याला दाद द्यावी लागते. पण व्याख्या करणाऱ्याने दोन भावांच्या मधली आई पाहिलेली नव्हती. ती राहते धाकट्याकडे, जेवते थोरल्याकडे, तिची ज्वारी येते गावाकडच्या तिसऱ्याकडून, आणि शेंगाची चटणी ती एकाच उखळात कुटून दोन्ही घरी देते. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, चटणी मात्र सामाईक. आता ही आई कुणाच्या तक्त्यात घालायची? अनुभवी प्रगणक जेवणाचा नाद सोडून विचारतो, "आजी, रात्री झोपता कुठे?" आजी सरळ सांगते, "फॅन चालतो तिकडं."

हे चालू असताना दुसरी एक पाहणी उलट्या दिशेने सुरू झालेली असते. प्रगणक बहुधा शाळामास्तर. त्याला प्यायला पाणी येतं, बसायला खुर्ची येते, आणि पाणी घशाखाली उतरेपर्यंत तो मोहोळ तालुक्यातला की अक्कलकोटचा, पर्मनंट की शिक्षणसेवक, प्लॉट जुळे सोलापुरात घेतला की होटगी रोडला, आणि कर्ज किती, एवढं काढून झालेलं असतं. घरात लग्नाची बहीण आहे का, हा प्रश्न कुठल्याही सरकारी नमुन्यात नाही. बोळाच्या नमुन्यात तो तिसरा आहे. आणि ज्या बाईने आत्ताच गार पाणी दिलं तिला खोटं सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून या पाहणीतली उत्तरं खरी निघतात. देशातल्या कुठल्याच संस्थेला इतका शंभर टक्के प्रतिसाद मिळत नसेल. कुणी कधी "सांगणार नाही" म्हटल्याचं ऐकिवात नाही.

गार पाण्यावरून आठवलं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी घरातलं झाकण असलेलं प्रत्येक भांडं कामाला लागतं. आता 2011 च्या घरयादीत पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत कोणता, तो आवारात आहे, जवळ आहे की लांब, हे प्रश्न होते. सोलापूरकराने छाती काढून सांगितलं : नळ, आवारात. खोटं काय त्यात? नळ आवारातच आहे. त्यातून पाणी कधी येतं याला रकानाच नव्हता, आणि सरकारने न विचारलेलं सांगण्याइतकं सोलापूर भोळं नाही.

आम्हाला कुणी हलक्यात घेऊ नये. सोलापूर हे मोजून घेण्यात मुरलेलं शहर आहे. 1920 च्या दशकात मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची चौकशी केली. त्याच्या थोडं आधी मुंबईत याच ऑफिसच्या फिंडले शिरास साहेबांनी तशीच चौकशी करून 1923 च्या अहवालात लिहिलं होतं, की मुंबईचा कामगार जे खातो ते तुरुंगातल्या कैद्याला नेमून दिलेल्या आहारापेक्षा कमी भरतं. एवढं मोजमाप झाल्यावर कामगाराची भाकरी वाढली की कैद्याची कमी झाली, हा भाग अहवालाच्या कक्षेबाहेरचा. पुढे धनंजयराव गाडगिळांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्यासारखीच सोलापूर शहराचीही सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचं जाडजूड इंग्रजी पुस्तक 1965 साली निघालं. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, 2024 च्या जानेवारीत, राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण घरोघर फिरलं. दीडशेच्या वर प्रश्न होते, आणि मास्तरांच्या मोबाइलमधलं अॅप तयार केलं होतं याच गोखले संस्थेने. म्हणजे आजोबाला वहीत लिहून घेणारी संस्था नातवाला मोबाइलमध्ये घ्यायला आली. आजोबा वेळ काढून बोलले असतील. नातू प्रश्न क्रमांक चाळीसनंतर म्हणतो, "सर, बाकीचं तुम्हीच भरा की, तुम्हाला माहीतच हाय."

पण माझं सगळ्यात आवडतं मोजमाप वेगळंच आहे. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, जुन्या मिलच्या जागेवर काय काय उभं राहिलं, तरी औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात सोलापूर अजून आहे. 2016 पायाभूत धरून केलेल्या या निर्देशांकात देशभरातली 88 केंद्रं आहेत, त्यात मुंबई-पुण्याच्या पंगतीला आपलंही पान. यासाठी ठरलेल्या बाजारात, ठरलेल्या दुकानात, ठरलेल्या वारी एक माणूस भाव विचारायला जातो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण. नेमका तोच साबण, नेमकी तीच डाळ, कारण गेल्या आठवड्याशी तुलना करायची असते. तो विचारतो, लिहून घेतो आणि जातो. घेत काहीच नाही.

सोलापूरच्या दुकानदाराच्या जिवाला हे सोसणं किती कठीण आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही. भाव विचारून न घेणारं गिऱ्हाईक इथे शत्रू समजतात. तूरडाळीचा भाव सांगून झाल्यावर दुकानदाराच्या तोंडून आपसूक येतं, "किती करू?" दर आठवड्याला. त्याला माहीत असतं की हा घेणार नाही, तरी हात मापाकडे जातो. आणि मग तो सूड म्हणून भाव कधी चढा सांगतो, कधी "तुमच्यासाठी" म्हणून उतरता. याची गंमत अशी, की केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता याच निर्देशांकाच्या देशपातळीवरच्या सरासरीवर ठरतो. म्हणजे दिल्लीतल्या एखाद्या अवर सचिवाच्या भत्त्यात, अगदी पैशाच्या कितव्या तरी हिश्श्यात का होईना, सोलापूरच्या डाळीचा भाव असतो. त्या सचिवाने इकडे यावं, दुकानदाराला भेटावं, आणि निदान अर्धा किलो घेऊन जावी.

सगळं मोजणं इतकं गमतीचं नसतं, हेही या शहराला माहीत आहे. इथे एका भागाचं नावच सेटलमेंट आहे. इंग्रजांनी ज्या जमातींना कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची रोज हजेरी घेतली जायची. तो कायदा 1952 साली गेला. त्या वस्तीतली एखादी म्हातारी वहीवाल्याला बघून दार लोटून घेते, तेव्हा मास्तरांनी 'प्रतिसाद नाही' असं लिहावं आणि पुढे जावं. तिने प्रतिसाद दिलेलाच आहे.

भाषेच्या रकान्यात मात्र सोलापूर मोजणाऱ्याला पुरतं हरवतं. 2011 च्या जनगणनेत मातृभाषा विचारली आणि येणाऱ्या इतर भाषा विचारल्या, जास्तीत जास्त दोन. दोन! साखर पेठेतला पद्मशाली माणूस घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठी, मागावरचा जोडीदार कन्नड, तागे न्यायला येणारा व्यापारी हिंदी, आणि लष्करात राहिलेल्या मेहुण्यामुळे उर्दूतली शेरोशायरी. तो दारात उभा राहून रकान्याकडे बघतो आणि विचारतो, "यातली कुठली सोडू, सर?" सर म्हणतात, ज्या चांगल्या येतात त्या दोन सांगा. हा प्रश्न त्याहून अवघड. भांडायला कन्नड चांगली, हिशेबाला तेलुगू, अर्ज करायला मराठी, आणि पोलिसांपुढे हिंदी. सरकारी नमुन्यात माणूस एकाच कामासाठी बोलतो असं धरलेलं असतं.

वयाचं तर बोलायलाच नको. "वय किती?" या प्रश्नाला आमच्याकडे आकड्याने उत्तर देणारी पिढी आत्ता आत्ता आली. त्याआधीची पिढी सांगते, "बहात्तरच्या दुष्काळात मी सडक फोडायला जात होते, तेव्हा हा थोरला पोटात होता." किंवा "किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी नातू रांगत होता." त्या 1993 च्या पहाटे सोलापुरातही भांडी वाजली होती, त्यामुळे ही तारीख पक्की. मास्तर दुष्काळातून वय काढतात, आणि काढताना ते हळूच पन्नास, पंचावन्न, साठ अशा गोल आकड्यावर येऊन बसतं. जगभर असंच होतं. किती लोकांची वयं शून्यावर आणि पाचावर येऊन बसली हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक नावाचा हिशेब आहे : शंभर आला तर लोक खरं सांगतात, पाचशे आला तर झाडून सगळ्यांचं वय शून्याने किंवा पाचाने संपतं. आजींना याचं काही नाही. "साठ लिवा, नाहीतर पासष्ट लिवा. पेन्शन कशात बसतंय?"

आता एक प्रश्न असा, की जो वाचायला सगळ्यात सोपा आणि विचारायला सगळ्यात फसवा : "तुम्ही काम करता का?"

दारात बसलेल्या बाईच्या मांडीवर सूप असतं. सुपात तंबाखू, बाजूला कात्रीने कापून भिजवलेली तेंदूची पानं. पान उचल, चिमूट भर, वळ, टोक दुमड, दोरा मार. डोळे मास्तरांच्या वहीकडे, बोटं आपल्या कामात. उत्तर येतं, "नाही हो. घरीच असते." एवढं वाक्य होईपर्यंत एक विडी सुपात पडलेली असते. सोलापुरात हजारो बायकांच्या घरात चूल या विड्यांवर पेटते. रोजच्या हजार विड्या, मोजून, जुड्या बांधून कारखान्यात द्यायच्या आणि नापास झालेल्या परत घ्यायच्या. कारखान्यातला माणूस एकेक विडी मोजतो. देशाच्या आकडेवारीत मात्र ती बाई 'घरकाम' या रकान्यात जाऊन बसते, तिच्याच तोंडच्या साक्षीने. उलट शेजारी, सहा महिन्यांपासून ज्याचे दोन्ही माग बंद आहेत आणि जो सध्या पानटपरीवर देशाच्या अर्थव्यवस्थेची काळजी वाहतो, तो ठणकावून सांगतो, "लिवा, कारखानदार."

जुने मास्तर म्हणूनच हा प्रश्न छापल्याप्रमाणे विचारत नाहीत. ते सुपाकडे बघतात आणि म्हणतात, "ताई, आज किती झाल्या?"

"सातशे. अजून तीनशे हायत."

झालं. रकाना भरला. पाहणीशास्त्रावरचे ग्रंथ मी फार वाचलेले नाहीत, पण प्रश्न कसा विचारावा यावर यापेक्षा चांगलं उदाहरण त्यांत असेल असं वाटत नाही.

घरखर्चाच्या पाहणीत तर स्मरणशक्तीचीच परीक्षा. गेल्या सात दिवसांत काय खाल्लं, गेल्या तीस दिवसांत काय आणलं, वर्षभरात काय घेतलं. 2022-23 च्या पाहणीत तीन वेगळ्या प्रश्नावल्या घेऊन त्याच घरी तीनदा जायचं होतं, म्हणजे घरातल्या कुत्र्याचीही ओळख होते. सात दिवस विचारावेत की तीस, हा वाद वरवर किरकोळ दिसतो. पण 1999-2000 मध्ये खाण्यापिण्याबद्दल दोन्ही विचारले आणि देशात गरीब किती यावर अर्थतज्ज्ञांची पुढे काही वर्षं जुंपली. कारण माणूस सात दिवसांचं सांगितलं की तीस दिवसांचं त्याच्याशी जुळवून सांगतो. खोटं पडायला नको म्हणून.

"तीस दिवसांत शेंगदाणे किती लागले?"

"पाच किलो."

"चार माणसांना पाच किलो?"

"चटणी केली की. पोरगं हुतात्मा एक्सप्रेसनं घेऊन गेलं पुण्याला. त्याच्या रूमवरची बाकीची पोरंबी खातेत."

म्हणजे चटणीचा खर्च सोलापूरच्या खात्यावर आणि ती खाणारी तोंडं पुण्याच्या खात्यावर. बाहेर गेलेलं वजा करा, असं नियम सांगतो. आई वजा करू देत नाही.

मतदानानंतर विचारणारे तेवढे खुळे आहेत असं माझं मत आहे. ज्या गावात बाई हजार विड्या वळून "घरीच असते" म्हणते, त्या गावात बूथबाहेर उभं राहून "कुणाला दिलं?" विचारायचं आणि उत्तरावर विश्वास ठेवायचा? 2024 च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या. आल्या 293. त्यानंतर विश्लेषकांनी नमुना चुकला का, प्रमाण चुकलं का यावर रात्र रात्र चर्चा केली. आमच्याकडचा कुठलाही पानवाला सांगू शकला असता. विचारणाऱ्याच्या गळ्यात ज्या रंगाचा पट्टा दिसेल त्या रंगाचं उत्तर द्यायचं आणि घरी जायचं, एवढं साधं आहे ते. पट्टा नसला तर बुटावरून अंदाज.

आता 2021 ची जनगणना 2027 वर गेली, आणि तिच्यात पहिल्यांदाच अशी सोय आहे की आपली माहिती आपणच मोबाइलवर भरायची. मास्तर नको, वही नको, पाणी द्यायला नको. सरकारने मनाशी धरलेलं दिसतं, की माणूस एकटाच खोलीत बसून शांतपणे विचार करून एकेक रकाना भरेल. सरकारच्या डोळ्यापुढे पूर्व भाग नसणार. इथे मोबाइल हातात घेऊन एकटा बसलेला माणूस दिसला, की पहिली शंका लफड्याची येते.

त्यामुळे व्हायचं ते असं होणार. बोळातल्या एका कॉलेजच्या पोराचा मोबाइल, तो ओट्यावर, आणि भोवती पाच घरं. घरयादीच्या प्रश्नांत या वेळी एक नवा आहे : घरात मुख्यत्वे खाल्लं जाणारं धान्य कोणतं? उत्तर एकच द्यायचं.

"ज्वारी," आजी म्हणणार. मंगळवेढ्याचं माहेर आहे त्यांचं, ज्वारीच्या कोठारातलं. दुसरं तोंडातून निघणारच नाही.

"ज्वारीचा भाव बघितलाव का, आत्या?" सून म्हणणार. "भाकरी आठवड्यातनं दोनदा. बाकी चपातीच की. गहू लिव रे."

"आणि रात्रीचा भात?" हे समोरच्या ओट्यावरून.

"तू गप. तुमच्यात तर तिन्ही त्रिकाळ भात."

"मग आमचं तांदूळ पडणार. सोलापुरात ऱ्हाऊन?"

पोरगं अंगठा अधांतरी धरून बसणार. एकेक पर्याय वर-खाली करणार.

"ज्वारी दाब," आजी म्हणणार. "सरकार काय ताटात बघायला येणार हाय?"

"मग आमचंबी ज्वारीच टाक," समोरच्या तेलुगू अक्का म्हणणार. "गावाचं नाव हाय की."

आणि पोरगं दोन्ही घरांची ज्वारी दाबून पुढच्या रकान्याला लागणार.